पोते पाठीवर कोण चढवतो?

(दुधनी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपणां सर्वांना नमस्कार आणि शरणु. ज्या गावात उंबऱ्याच्या आत कन्नड, कचेरीत मराठी आणि पेठेतल्या सौद्यात निम्मी उर्दू बोलली जाते, त्या गावात व्याख्यात्याने एकाच भाषेतून वंदन करून मोकळे व्हावे हे मला प्रशस्त वाटत नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा मला फार शोधावे लागले नाही. माणूस दुसऱ्या माणसांच्या बरोबरीने उभा राहतो तेव्हा त्याच्या अंगी जे बळ येते ते कोठून येते, आणि त्या बळाच्या जोडीनेच आपल्या आयुष्याला काही अर्थ आहे अशी जी प्रतीती येते ती एकट्याने धुंडाळून का सापडत नाही, हा प्रश्न पुष्कळ काळ माझ्या मनात घर करून आहे. आणि त्याचा विचार करायला दुधनीसारखे ठिकाण मिळावे हे मी माझे भाग्य समजतो.

असे मी का म्हणतो, ते या गावाच्या स्थानावरून ध्यानात येईल. मुंबईकडून निघालेला जी.आय.पी. रेल्वेचा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला, आणि त्या मार्गावर सोलापूर आणि गुलबर्गा यांच्या दरम्यान, जुन्या अक्कलकोट संस्थानाच्या मुलुखात, निजामी सरहद्दीच्या अगदी कडेला दुधनीचे स्थानक आले. एका बाजूस संस्थानिकांचा अंमल आणि त्यांच्या डोक्यावर इंग्रजांचे अधिराज्य, दुसऱ्या बाजूस निजामाची फर्माने आणि त्याचा हाली शिक्का, अशा परिस्थितीत शेजारच्या गावी धान्याची गाडी न्यायची म्हटली तरी नाणे बदले, जकात बदले आणि कायदाही बदले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि १९६७ च्या आपल्या अहवालात महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्यास द्यावा अशी शिफारस केली, जी महाराष्ट्राने मान्य केली नाही. एवढ्या उलथापालथीत दप्तरे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली, नकाशे नव्याने रंगवले गेले. पण तुरीचा आणि उडदाचा हंगाम आला की सरहद्दीपलीकडचा, आळंद आणि अफझलपूरकडचा शेतकरी आपला माल घेऊन याच पेठेत येत राहिला, आणि कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकलेले पोर मराठीत अर्ज लिहू लागले. सरहद्दीवरच्या माणसाला भिन्नतेचे भय वाटत नाही, हे त्याचे फार मोठे संचित आहे, आणि पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनी ते त्याच्याकडून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

परंतु सलोखा ही एक गोष्ट आणि ज्याच्याविषयी मला आज बोलायचे आहे ती दुसरी. शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात, एकमेकांच्या सणाला जातात, मयताला खांदा देतात. एवढ्याने जगणे सुसह्य होते, यात संशय नाही. मात्र दुसऱ्याच्या संकटात आपलेही काहीतरी पणाला लावण्याचा प्रसंग येतो, तेव्हा सलोख्याची हद्द संपते आणि एका निराळ्या नात्यास आरंभ होतो.

त्या नात्याचे स्वरूप मला एखाद्या ग्रंथापेक्षा धान्याच्या आडतीवर अधिक स्पष्टपणे दिसले आहे. हमालाकडे आपण पाहतो ते त्याच्या बळाचे कौतुक करण्याच्या दृष्टीने: क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन, गुडघे किंचित वाकवून, तो फळीवरून ट्रकमध्ये चढतो तेव्हा पाहणाराचाच श्वास अडखळतो. पण थोडे आधीपासून पाहत राहिले तर लक्षात येते की जो माणूस ते ओझे पन्नास पावले वाहू शकतो, त्याच माणसाला ते स्वतःच्या पाठीवर चढवता येत नाही. दोघांनी दोन बाजूंनी कान धरून पोते उचलावे लागते, तिसऱ्याने बरोबर त्या क्षणी पाठ द्यावी लागते, आणि मग खेपेगणिक पाठ देणारा आणि उचलणारा यांची पाळी बदलत जाते. बाजारातला सर्वांत बलवान हमाल घ्या. दुसऱ्यांचे हात लागेपर्यंत त्याच्या बळाचा उपयोग शून्य आहे. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही, आणि उपकार नसल्यामुळेच कोणाची मान खाली जात नाही. बळ हे व्यक्तीच्या ठिकाणी साठवलेले द्रव्य आहे अशी आपली जी समजूत असते, ती मला या दृश्यापुढे टिकणारी वाटत नाही. ते माणसामाणसांच्या दरम्यान उत्पन्न होते आणि वापरण्यापुरते एकेकाच्या वाट्याला येते.

हमालांनी ही गोष्ट ओझ्यापुरती जाणली होती. ती हक्कापर्यंत नेण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. पुण्याच्या नाना पेठेत वैद्यकीचा व्यवसाय करणारे डॉ. बाबा आढाव आपल्या दवाखान्यात येणाऱ्या दुखऱ्या पाठी तपासता तपासता या प्रश्नाकडे वळले आणि त्यांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना एकत्र आणले. या दोन्ही चळवळींच्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, आणि ज्या कामगाराला मालक नव्हता, हजेरीपट नव्हता, म्हातारपणी काय हा विचार करण्याचीही सोय नव्हती, त्याचे नाव प्रथमच माथाडी मंडळाच्या दप्तरात नोंदले गेले. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणावे ही मागणी याच माणसांनी लावून धरली. कायद्याच्या तरतुदींइतकाच महत्त्वाचा मला वाटतो तो १९७४ मध्ये हमाल पंचायतीने सुरू केलेला ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम. श्रमिकाला परवडेल अशा दरात पोटभर जेवण, आणि तेही श्रमिकांच्याच संघटनेने चालवलेल्या भोजनगृहात! तेथे जेवणारा पैसे मोजून जेवतो. अन्न तेच, भूकही तीच. पण सदावर्ताच्या रांगेत बसलेला मनुष्य आणि आपल्या संघटनेच्या पाटावर बसलेला मनुष्य यांच्या मुद्रेत जो फरक असतो, तो पाहिल्यावर दया आणि साहचर्य यांची निराळी व्याख्या करण्याचे कारण उरत नाही.

दयेची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. भुकेल्याला घास देणारा हात पवित्रच असतो, आणि अक्कलकोटच्या अन्नछत्राच्या इतक्या जवळ उभे राहून कोणी अन्नदानाचे मोल कमी लेखणार नाही. पण दयेत देणारा जसा होता तसाच राहतो. पुष्कळदा घेणाराही तसाच राहतो. बरोबरीच्या नात्यात दोघेही पालटतात. बसवण्णांच्या परंपरेत वाढलेल्या आपणांपैकी अनेकांना हे नव्याने सांगायला नको, कारण त्या परंपरेने कायकाला दासोहाची जोड दिली, म्हणजे आधी स्वतःच्या श्रमाने मिळवायचे आणि मग ते सर्वांसह भोगायचे, असा क्रम घालून दिला. श्रम न करता केलेल्या दानाला तेथे प्रतिष्ठा नव्हती.

याच परंपरेतील एक कथा मी सांगू इच्छितो. सोलापूरचे, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलिगेचे, सिद्धराम हे आपल्या या सगळ्या मुलुखाचे आराध्य. श्रीशैलाहून परतल्यावर त्यांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि दुष्काळी मातीत तलाव खोदण्याचे काम आरंभिले. योग्याने गुहेत बसावे ही अपेक्षा. सिद्धरामांनी हातात कुदळ घेतली आणि त्यांच्यामागे हजारो माणसे मातीच्या पाट्या वाहू लागली. बसवण्णांच्या परंपरेतले संत अल्लमप्रभू तेथे आले आणि ‘शून्यसंपादने’ या ग्रंथातील कथेनुसार त्यांनी सिद्धरामांचा ‘वडार’ असा उल्लेख करून विचारले, तुमचा हा मातीकाम करणारा म्होरक्या कोठे आहे? तो शब्द कानी पडताच कामावरची माणसे संतापली आणि त्यांनी अल्लमप्रभूंवर दगड उचलले. पुढे दोघांचा संवाद झाला, केवळ लोकोपयोगी कर्माने आत्म्याची तहान भागते काय हा प्रश्न अल्लमांनी त्यांच्यापुढे ठेवला, आणि सिद्धराम कल्याणला, अनुभवमंटप या शरणांच्या विचारसभेत गेले.

भाष्यकारांचे लक्ष बहुधा त्या दोन महापुरुषांच्या संवादाकडे असते. माझे मन त्या दगड उचलणाऱ्या माणसांपाशी थांबते. काल-परवापर्यंत एकमेकांना न ओळखणारी, निरनिराळ्या कुळांची आणि कामांची ही माणसे. एका खड्ड्यात उतरून माती काढता काढता त्यांच्यात असे काय घडले की एकाचा उणा उल्लेख सर्वांच्या वर्मी लागावा? त्यांचा संताप योग्य होता असे मी म्हणणार नाही. ज्या शब्दाने ते दुखावले, तो एका कष्टाळू जमातीचे नाव आहे, आणि त्यात दुखावण्याजोगे काही नव्हते. पण तलावाला पाणी लागण्यापूर्वीच त्या माणसांना काहीतरी लागले होते, एवढे निश्चित. आणि अल्लमांचा प्रश्नही मला तितकाच मोलाचा वाटतो. आपण एकत्र आलो खरे, पण कशासाठी, आणि या एकत्र येण्याने आपण आतून कोण झालो, हे विचारण्याची जागा संघटनेत नसेल तर ती केवळ मजुरांची टोळी राहते. सिद्धराम तलाव टाकून पळाले नाहीत; तलाव आजही सोलापुरात आहे. श्रमाच्या संगतीला विचाराच्या संगतीची जोड देण्यासाठी ते कल्याणला गेले, असा मी त्या कथेचा अर्थ लावतो. दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत निरनिराळ्या समाजांच्या मानाचे नंदीध्वज एका रांगेत चालतात, तेव्हा त्या आरंभाच्या कुदळीची आठवण कोणी ठेवतो की नाही, मला ठाऊक नाही; ती ठेवली जावी असे वाटते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दगड उचलणारे हात पुढे काय करतील याचा नेम नसतो. एकत्र येण्याने बळ मिळते हे खरे असेल, तर त्या बळाने द्वेषाचे आणि हिंसेचे काम होणार नाही याची हमी कोणी द्यायची? या प्रश्नाचे उत्तर सोलापूरच्याच इतिहासात शोधावे लागते, आणि ते सुखाचे नाही. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज उभारला. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना अटक झाली, गिरण्यांचे शहर रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि त्याच दिवशी खवळलेल्या जमावाने मंगळवार पेठेच्या चौकीवर दोन पोलिसांना ठार केले, न्यायालयाची इमारत जाळली. त्यानंतरच्या तीन दिवसांत, सरकारचा अंमल नाहीसा झाला असताना, याच शहरात काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावरची रहदारी आणि शांतता सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि गांधी टोपी घालणे हाही गुन्हा ठरू लागला. एकाच आठवड्यात, त्याच वस्त्यांत, लोकांच्या एकत्र येण्याची ही दोन रूपे दिसली.

त्यांत भेद कोणता? मला असे वाटते की जमावात माणूस आपली जबाबदारी इतरांवर टाकून मोकळा होतो, आणि संघटनेत इतरांची जबाबदारी आपल्यावर घेतो. जमावाला चेहरा नसतो. म्हणूनच तो जे करतो त्याचे पाप कोणा एकाला लागत नाही असे त्यातल्या प्रत्येकाला वाटते. त्या दोन पोलिसांनाही घरे होती, हे स्वातंत्र्यलढ्याविषयी पूर्ण आदर बाळगूनच मी म्हणतो. त्यांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हे चौघे सार्वजनिक कार्यात वावरणारे, नावाने ओळखले जाणारे. कुर्बान हुसेन तर ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारे, कामगारांत काम करणारे, विशीच्या उंबरठ्यावरचे तरुण होते. जमावातला माणूस अंधारात निसटून जाऊ शकतो. संघटनेतल्या माणसाचा पत्ता सरकारला ठाऊक असतो. लिंगायत, मराठा, मारवाडी आणि मुसलमान अशा चार घरांतले हे चौघे एकाच पहाटे गेले, आणि सोलापूरने त्यांचे पुतळे एकाच चौथऱ्यावर उभारले. त्या चौथऱ्यावरून एक जण हलवून उरलेल्यांचे स्मारक करता येणार नाही, ही गोष्ट आजच्या दिवसांत मोठ्याने सांगण्याची गरज आहे असे मला वाटते.

आतापर्यंत मी बळाविषयी बोललो. अर्थाविषयी बोलायचे तर सोलापूरच्याच एका पुत्राकडे वळावे लागते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालचा, भैय्या चौकातल्या घरातला. वैद्यकाचे शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातले. जपानी आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. वडील वारल्याची बातमी त्यांना परमुलुखात कळली. तरी ते परतले नाहीत. पथकातले चौघे यथावकाश मायदेशी आले, कोटणीस उत्तर चीनच्या डोंगरात चिनी ‘आठव्या रूट आर्मी’बरोबर राहिले, तिथली भाषा शिकले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले, को छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने तिथेच निवर्तले. त्यांच्या मुलाचे नाव यिन्हुआ ठेवले होते. त्यातले एक अक्षर भारताचे आणि एक चीनचे.

या माणसाचे आयुष्य त्यागाचे उदाहरण म्हणून शाळकरी मुलांना सांगितले जाते. मला तो शब्द अपुरा वाटतो. त्याग म्हटला की गमावलेल्या गोष्टींची यादी डोळ्यांपुढे येते. कोटणीसांनी तिथे काय मिळवले हे कोणी विचारीत नाही. पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा असलेला एक हुशार तरुण, जो कदाचित मुंबईत उत्तम शस्त्रवैद्य झाला असता, तो गुहांतून आणि खेड्यांतल्या घरांतून जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता अशा समाजाचा एक भाग झाला की परत येणे हेच त्याला सोडून जाण्यासारखे वाटू लागले. आयुष्याचा अर्थ शोधायला म्हणून तो गेला नव्हता. त्याने जखमा शिवल्या. अर्थ त्या कामाच्या मागोमाग आला. जे अर्थाचाच पाठलाग करीत एकांतात बसतात त्यांना तो क्वचित सापडतो, असा माझा अनुभवही आहे आणि निरीक्षणही.

आता मी ज्या विषयाकडे येतो, त्यासाठीच खरे तर मी हे आमंत्रण स्वीकारले. दुधनीहून अक्कलकोटमार्गे सोलापूरला जाताना, शहर येण्यापूर्वी, कुंभारी लागते. तेथे एकसारख्या घरांची विस्तीर्ण वसाहत आहे आणि तिला कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांचे नाव आहे. एका वसाहतीच्या नावात दोन कहाण्या एकमेकींना येऊन मिळाल्या आहेत, त्या दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

गोदावरीबाई १९०७ सालच्या, पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजाच्या सभासद झालेल्या. एवढ्या विद्येच्या आणि कुळाच्या बळावर त्यांना प्रतिष्ठेचे कोणतेही आयुष्य जगता आले असते. शामराव परुळेकरांसह त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव आणि डहाणू भागातल्या वारल्यांत गेल्या. तिथे वेठबिगार होती, आणि लग्नापुरते थोडे कर्ज काढून त्यापायी बायकोसह जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबणारे ‘लग्नगडी’ होते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, बारा आणे रोज मिळाल्याखेरीज मालकाच्या खाजगी जमिनीवर राबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या; जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. तरीही वेठ संपली ती संपलीच.

गोदावरीबाईंनी या अनुभवावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले आणि त्यास १९७२ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ते वाचताना मला जाणवले ते असे. लग्नगड्याचे कर्ज हे त्याला स्वतःचे, एकट्याचे, आपल्या कर्माचे फळ वाटत असे. त्याची लाज त्याला वाटे. सावकाराला वाटत नसे. झरीला शेजारी बसलेल्याची हकीकत ऐकताना त्याच्या ध्यानात आले की हेच कर्ज, हीच वेठ, हाच मार या शेजाऱ्याच्याही वाट्याला आहे, पलीकडच्या पाड्यावरच्याही आहे. म्हणजे यात कसूर माझी नाही. ज्या क्षणी दुःख समाईक असल्याचे कळते त्या क्षणी त्यातली लाज गळून पडते, आणि लाज गेली की भयाचा पायाच ढासळतो. पोलिसांच्या बंदुका आदल्या दिवशी होत्या तितक्याच दुसऱ्या दिवशीही होत्या. आपल्याच भागात आज कर्जात बुडालेला शेतकरी बँकेची नोटीस घडी करून खिशात ठेवतो, बायकोलाही दाखवीत नाही, पारावर बसून पावसापाण्याच्या गप्पा मारतो आणि एका रात्री घर सोडून शेताकडे जातो, तेव्हा मला वाटते की त्याला कर्जाने जितके मारले त्याहून अधिक एकटेपणाने मारले. त्याच पारावर बसलेल्या आणखी चौघांच्या खिशात तशीच नोटीस होती.

दुसरी कहाणी सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांची. त्यांतल्या बहुसंख्य तेलुगू बोलणाऱ्या, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरच्या. लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा पुरुषांचे रोजगार गेले आणि संसार बाईच्या विडीवर आले. टेंभुर्णीची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, असे दिवसाकाठी हजार विड्यांचे काम. आणि कारखान्यात माल देताना त्यातून किती ‘छाट’ म्हणून बाजूला पडतील हे दुसऱ्याच्या हाती. १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला, कल्याणनिधीचे कायदे झाले; परंतु जी बाई आपल्या एका खोलीत, दाराशी बसून, पाठ भिंतीला टेकून काम करते, तिला आपण कामगार आहोत हेच पटायला वेळ लागतो. गिरणीतल्या माणसाला निदान भोंगा होता, फाटक होते, पाळी सुटल्यावर बरोबर बाहेर पडणारी माणसे होती. घरात बसून राबणाऱ्या स्त्रीला हे काहीच नसते. म्हणून तिची संघटना होणे ही मला गिरणी कामगारांच्या संपाहून अवघड गोष्ट वाटते.

नरसय्या आडम, ज्यांना सारे सोलापूर आडम मास्तर म्हणते, त्यांच्या पुढाकाराने या स्त्रियांनी घरांची मागणी केली. भाड्याच्या, दमट, तंबाखूच्या धुळीने भरलेल्या खोलीतून सुटका हवी होती. त्यांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. घरखर्चाचा एक हिस्सा केंद्राने, एक राज्याने आणि एक कामगार स्त्रीने स्वतः भरायचा, अशी योजना होती. हजार विड्यांच्या मजुरीतून हा हिस्सा काढणे म्हणजे काय, याचा हिशोब ज्याने त्याने करून पाहावा. मोर्चे निघाले, दिल्लीपर्यंत खेपा झाल्या, वर्षे गेली. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले: दहा हजार घरे.

वसाहतीला नाव देण्याची वेळ आली तेव्हा या तेलुगू स्त्रियांच्या संस्थेने पुण्याच्या गोखल्यांच्या घरात जन्मलेल्या आणि वारल्यांत आयुष्य वेचलेल्या एका बाईचे नाव घेतले. त्यांतल्या बहुतेकींनी गोदावरीबाईंना पाहिलेही नसेल. बाई १९९६ मध्येच गेल्या होत्या. भाषा निराळी, जात निराळी, डोंगर आणि शहर असे अंतर. तरी नाव परके वाटले नाही. त्या स्त्रियांच्या दारावरून मी अनेकदा गेलो आहे. दाराशी बसून पाने कातरणे अजून चालूच आहे, मजुरीची तक्रार अजून संपलेली नाही, आणि तंबाखूचा व्यवसायच मावळतीला लागलेला असताना या बायांच्या मुलींनी पुढे काय करावे हा प्रश्न कोणत्याही संस्थेला अजून सुटलेला नाही. हे मी लपवणार नाही. परंतु घर मिळाले की संघटना विरते, ज्याचे त्याला मिळाले की तो दार लावून घेतो, हा जो व्यवहारचतुरांचा नेहमीचा दाखला असतो, तो कुंभारीत खरा ठरला नाही. त्याच चळवळीने पुढे तीस हजार घरांची मागणी केली, २०१९ च्या जानेवारीत त्या घरांच्या, ‘रे नगर’ नावाच्या वसाहतीचा पायाभरणी समारंभ झाला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातली पहिली पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. या वेळच्या यादीत विडी वळणाऱ्या स्त्रिया तर होत्याच. त्यांच्या जोडीला यंत्रमागावर काम करणारे होते, हातमागावरचे विणकर होते, रस्त्यावर माल विकणारे फेरीवाले होते, वाहनचालक होते, आणि ज्यांच्याशी पहिल्या दहा हजारांचा काडीचाही संबंध नव्हता असे, शहराचा कचरा वेचणारे स्त्रीपुरुषही होते.